पाचर न लावलेला पाट

मी एक जुना पाट आहे. फणसाच्या लाकडाचा.

थांबा. एवढेच सांगितले तर तुम्ही मला जेवायला बसायचा पाट समजाल. मी गणपतीचा पाट आहे. वर्षातून एकदा माझ्यावर मातीचा गणपती घडतो, घरी येतो, पाच दिवस बसतो आणि पाण्यात जातो. मी परत येतो.

मित्रांनो, माझी गोष्ट सलग नाही. मी दोन फळ्यांचा आहे. मध्ये सांधा आहे आणि त्या सांध्यातून मुंग्या ये-जा करतात. शिवाय मला तारखा कळत नाहीत. मला वजन कळते. म्हणून मी ही गोष्ट वजनाप्रमाणे सांगणार आहे. आत्ता माझ्यावर काही नाही, तेव्हा सांगून घेतो. कधी थांबावे लागेल ते माझ्या हातात नाही.

वजन : काही नाही

रत्नागिरीला जायला मोठा रस्ता जिथे सोडतात, ते हातखंबा. तिथून आत, जांभ्या दगडाच्या चढावर आमची वाडी. भागोजी नावाचे गृहस्थ तिथे राहतात. त्यांच्या वडिलांच्या वेळी परसातला फणस वादळात आडवा झाला. सुताराने त्याची दोन दारे केली, एक चौकट केली आणि उरलेल्या दोन तुकड्यांचा मी झालो. खाली आडव्या पट्ट्या ठोकून त्याने मला उलटेसुलटे केले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "ह्याला बाक येणार. पण फणस हाय. मरायचा नाय."

दोन्ही खरे झाले. इतकी वर्षे पाण्यात बुडून माझा पुढचा एक कोपरा खाली बसला. फार नाही, दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढाच.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी माझ्या गणपतीचा चेहरा कधीही पाहिलेला नाही. शेजारच्या पाटांवरचे पाहिले आहेत, खालून, हनुवटीपर्यंत. पण जो माझ्यावर बसतो तो माझ्या तोंडावरच बसतो. मला त्याची बैठक ठाऊक आहे, त्याच्या उंदराचे चार पाय ठाऊक आहेत, लाडवाचे वजन कोणत्या बाजूला पडते ते ठाऊक आहे. तो दिसतो कसा? तुम्हांला हे किती सहज माहीत असते!

वजन : एक नारळ, एक विडा

आमच्याकडे गणपती आणायला आधी पाट जातो. नागपंचमीला प्रत्येक घर आपला पाट घेऊन गणपतीच्या शाळेत येते. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची पडवी. तिला शाळाच म्हणतात. पाटावर नारळ आणि विडा ठेवायचा. मूर्तिकार पाटाच्या पाठीवर खडूने घराचे नाव लिहितो आणि पाट भिंतीला टेकवून ठेवतो.

सगळ्यांत आधी आलेला पाट मानाचा. वर्षाचा पहिला गोळा त्याच्यावर पडतो, आणि त्याच्यावरचा गणपती बसता झाल्याशिवाय दुसऱ्या पाटाला माती लागत नाही. भागोजींचे घर शाळेच्या अगदी खालच्या अंगाला. त्यामुळे मी कायम पहिला. याचा मला पूर्वी अभिमान वाटे. गेल्या वर्षी मात्र लाज वाटली.

शाळा दादूंची. दादू चाळीस वर्षे गणपती करत आहेत. त्यांची सुरुवात अशी असे : मला जमिनीवर ठेवायचे, तळहाताने एकदा चाचपायचे, बसलेल्या कोपऱ्याखाली लाकडाची छोटी पाचर सारायची आणि गोळा टाकायचा. हे ते न बघता करत, गप्पा मारता मारता. त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही, त्यांच्या मुलीच्याही नाही. पाचरीबद्दल दादूंनी कधी कुणाला सांगितले नाही, कारण आपण पाचर लावतो हे त्यांनाच ठाऊक नव्हते. ते हाताला ठाऊक होते.

गेल्या वर्षी वैशाखात दादूंना अर्धांगाचा झटका आला. पुढे जीभ सुटली, पाय सुटले, उजवा हात मात्र लुळाच राहिला.

वजन : चार किलो. काही नाही. साडेतीन किलो. काही नाही. पाच किलो. काही नाही.

मुलगी दर्शना रत्नागिरीत फ्लेक्सच्या दुकानात काम करायची. वाढदिवसाचे फलक, दुकानांचे फलक, दहा फोटोंतून एक निवडून संगणकावर जुळवायची. लहानपणी तिने उंदीर केले होते, मुकुटाचे मणी केले होते. अख्खा गणपती कधी केला नव्हता. ती सुट्टी टाकून आली आणि म्हणाली, "ह्या वर्षी मी करते. नाही जमले तर शाळा बंद करू."

त्या वर्षी एकोणीस पाट आले.

पहिल्या दिवशी भागोजींच्या मुलाचा, संदेशचा, मुंबईहून फोनवर निरोप आला. सोबत अकरा चित्रे. "दर्शना, मुकुट तीन नंबरसारखा कर. सोंड सातमधली. आणि बसायचा स्टाइल तुझ्या मनाने, पण नऊसारखा."

दर्शनाने गोळा टाकला आणि फोन पाहिला. पोट थापले आणि फोन पाहिला. मी खाली होतो, मला सगळे कळत होते. तिची बोटे माझ्यावर होती, पण त्यांत वजन नव्हते. मातीला हात लागायचा आणि लगेच उठायचा, जणू माती गरम आहे. संध्याकाळी तिने तारेने गणपती कापून काढला आणि मला पुसले.

दुसऱ्या वेळी तिने स्वतःच्या फोनमधली चित्रे काढली. ती शंभरांच्या वर होती. तिसऱ्या वेळी ती वडिलांच्या जुन्या गणपतीचा फोटो समोर ठेवून बसली आणि हुबेहूब तसाच करायला गेली. तो पाच किलोंपर्यंत आला. मला वाटले, आता होतो. तिने दूर जाऊन पाहिले, डोके हलवले आणि पुन्हा तार.

आठ दिवस असे गेले. भिंतीला टेकलेले अठरा पाट माझ्याकडे बघत होते. पहिला अडला की सगळे अडतात.

मग एक एक घर येऊ लागले. गौरव म्हणून एक जण आहे, भला माणूस. तो स्कूटर चालूच ठेवून दारातून म्हणाला, "ताई, रागावू नको हां. पाट देतेस काय? हातखंब्याला मंडपात तयार मूर्ती आल्यात. रंगबिंग सगळा होऊन. आवस माझ्या मागं लागलीय." आवस म्हणजे आई.

"घेऊन जा," दर्शना म्हणाली. खडूने लिहिलेले नाव तिने स्वतःच ओल्या फडक्याने पुसले आणि पाट त्याच्या हातात दिला.

असे पाच पाट गेले. दादू खुर्चीवर बसून होते. प्रत्येक पाट दाराबाहेर जाताना ते त्याच्या मागच्या बाजूकडे बघत.

वजन : साडेसहा किलो आणि दोन हात

नवव्या दिवशी तिने घाईने माती मळली. पाणी जास्त झाले. गोळा आला तोच थंडगार आणि ढिला होता. तिने भराभर बैठक केली, पोट चढवले, छाती चढवली. इतका उंच तो माझ्यावर त्या वर्षी प्रथमच झाला होता.

आणि माझा कोपरा.

मला कळले तेव्हा उशीर झाला होता. पाचर नव्हती. पहिले तिन्ही गणपती बुटके असतानाच मोडले, म्हणून काही झाले नाही. हा उंच होता, ओला होता. साडेसहा किलो माती हळूहळू पुढे, आणि थोडी कडेला, त्या बसलेल्या कोपऱ्याकडे निघाली. मी पाट आहे, मित्रांनो. मला सरकता येत नाही.

दर्शनाने दोन्ही हातांनी पोट धरले.

"बाबा, पडतोय!"

"सोडू नको."

"पडतोय ओ!"

"धर. नुसता धर. दाबू नको."

त्याच वेळी बाकड्यावर फोन वाजू लागला.

"संदेशदादाचा असेल. नवीन फोटो पाठवतो म्हणाला होता."

"तुझे हात कुठं हायत?"

"पोटावर."

"मग तिथंच ऱ्हा."

फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. तिला हात काढता येत नव्हता. हात काढला असता तर सगळे माझ्यावर कोसळले असते.

आता मी जे सांगणार आहे ते फार लहान आहे. सुरुवातीला तिचे हात ढकलत होते. तिला तो सरळ हवा होता. ती मागे ढकलत होती, माती पुढे येत होती, आणि दोघांचे भांडण माझ्या सांध्यात कुरकुरत होते. मग तिचे दंड दमले. तिने कोपरे माझ्या कडेवर टेकवली. कपाळ मातीला टेकवले. आणि भांडण थांबले.

तिच्या हातांत वजन आले. खरे वजन. आठ दिवसांत प्रथमच दहाच्या दहा बोटे एका जागी होती.

"पडत नाय तो," दादू म्हणाले. "वाकतोय. कुठं वाकतोय ते बघ."

"पुढं."

"आणखी?"

तिने बोटे तशीच ठेवली. पंखा फिरत होता. माती घट्ट होत होती.

"बाबा, हा कुणाचं तरी ऐकतोय. असा. कुणीतरी बसलंय इथं खाली, आणि हा वाकून ऐकतोय."

दादू खुर्चीतून उठले. काठी टेकत आले, डाव्या हाताने मला चाचपले आणि हसू लागले. "पाचर लावली नाय आपण! आयला, मी पाचर लावायचो. चाळीस वर्षं. मला आत्ता आठवला."

"आता लावू?"

"आता कशाला? आता तो बसला."

ती उठली नाही. वाकलेल्या अंगाला कान कसा हवा ते तिने तिथेच हाताने शोधले. एक कान थोडा पुढे आला. ऐकणारा माणूस हात कुठे ठेवतो? तिने स्वतःचा हात गुडघ्यावर ठेवून पाहिला आणि तसाच मातीचा ठेवला. सोंड कुठे वळेल? जिकडे कान आहे तिकडे. एका गोष्टीतून पुढची गोष्ट येत होती, आणि ती आल्याशिवाय तिच्या पुढची दिसत नव्हती. एकही चित्र उघडले गेले नाही. संध्याकाळपर्यंत गणपती बसता झाला.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या तेरा पाटांना माती लागली.

वजन : अकरा किलो, रंगासकट

अकरा किलो म्हणजे पूर्ण गणपती. डोळे सगळ्यांत शेवटी आखतात. त्या वेळी शाळेत कुणी बोलत नाही. दर्शनाने श्वास धरला, तिच्या गुडघ्याचा दाब माझ्या कडेवर आला, ब्रश दोनदा टेकला. तिने श्वास सोडला. बस. मला एवढेच कळले. मला इतके विचारावेसे वाटले : कसा बघतोय तो? कुणीतरी सांगा ना!

हरतालिकेला भागोजी आणि त्यांची बायको आनंदीबाई गणपती न्यायला आले. दर्शनाने कापड बाजूला केले. त्यांच्या घरात तीन पिढ्या ताठ बसलेला गणपती आला होता.

"ह्या काय गो?" आनंदीबाई म्हणाल्या. "आमचा गणपती वाकलाय कशाला? पाठीत उसण भरलीय काय त्याच्या?"

दर्शनाने कापडाची घडी घातली.

"संदेशनं इतकी चित्रं धाडली, त्यात असा एक तरी होता काय?"

"नव्हता, काकी."

"मग?"

"चित्र बघून तीन केले. तिन्ही मोडले. हा असाच बसला. तुम्हांला नको असेल तर..." ती थांबली. कापडाची घडी पुन्हा उलगडली. "नको असेल तर तसं सांगा. मी शाळा बंद झाली म्हणून पाटी लावते, आणि पुढच्या वर्षी कुणाचाच पाट घेत नाही."

दादू म्हणाले, "भागोजी, चूक माझी हाय. पाचर मी सांगितली नाय तिला."

भागोजी एका डोळ्याने गणपतीकडे आणि एका डोळ्याने बायकोकडे बघत होते. आनंदीबाईंना एका कानाने कमी ऐकू येते. कुणी बोलले की त्या मान वाकवून चांगला कान पुढे करतात. आत्ताही केला होता.

"काय बोलला दादू? क्काय?"

भागोजी एकदम फुटले. इतके हसले की गणपतीपुढे ठेवलेला नारळ हलला. "अगो, बघ तरी! तुझ्यासारखाच बसलाय! कान पुढं काढून. 'क्काय? क्काय बोललास?' आत्ता विचारील बघ!"

"गप ऱ्हावा तुमी," आनंदीबाई म्हणाल्या. पण त्या जवळ आल्या. खाली बसल्या, ज्या बाजूला माझा कोपरा बसला आहे त्या बाजूला. मान वाकवून त्याच्या पुढे आलेल्या कानाकडे पाहिले.

मग म्हणाल्या, "उचला. ऊन हाय तवर जाऊया."

वजन : वरून अकरा किलो, खालून भागोजींचे डोके

उतारावर भागोजी नेहमी शिव्या घालत चालतात, पावसाने जांभा गुळगुळीत होतो म्हणून. त्या दिवशी घातल्या नाहीत. "ऐकतोय तो," एवढेच म्हणाले.

पाच दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. म्हणजे ऐकली. आरती सगळे समोरून, मोठ्याने म्हणत. पण नंतर एक एक माणूस यायचे आणि माझ्या त्या कोपऱ्याशी बसायचे. जागाच तशी झाली होती. गणपती तिकडे वाकलेला, म्हणून माणसे तिकडे बसत आणि हळू बोलत. इतकी वर्षे मी त्या घरात आहे, पण घरातले लोक देवाशी काय बोलतात हे मला ठाऊक नव्हते.

सगळे सांगणार नाही. ते मला सांगितलेले नव्हते. फक्त एक सांगतो. चौथ्या दिवशी पहाटे आनंदीबाई दुर्वा घेऊन आल्या, कोपऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "संदेशला रजा नाय मिळाली. ऱ्हाव दे. मी काय मागत नाय. पण त्या पोरीचा हात चालू ऱ्हाव दे. पुढल्या साली मी पाट कुठं नेऊ?"

वजन : एक मूठ वाळू

विसर्जन वाडीखालच्या पऱ्यात होते. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा. भागोजी कमरेइतक्या पाण्यात गेले. एकदा बुडवले, दोनदा बुडवले. तिसऱ्यांदा माझ्यावरचे अकरा किलो सरकले आणि निघून गेले.

त्या क्षणी मी पाण्यात उलटा झालो. मला वाटले, आता दिसेल! डोळे असते तर ते ताणले असते. पण पाण्यात नुसता पांढरा ढग होता. तो पसरत माझ्या खालून गेला.

भागोजींनी मला पकडले. रीतीप्रमाणे काठाची मूठभर वाळू माझ्यावर ठेवली आणि घरी आणले. वाळूचीही आरती झाली. गणपतीसारखीच, तेवढ्याच मोठ्याने.

वजन : धूळ

अकरा महिने माळ्यावर.

इथे सांगण्यासारखे काही नाही. एक पाल होती.

वजन : एक नारळ, एक विडा, पुन्हा

आज नागपंचमी आहे. मी शाळेत आहे आणि पहिला आहे. आनंदीबाईंनी भागोजींना चहाही पिऊ दिला नाही. "आदी पाट," म्हणाल्या.

माझ्यामागून सोळा पाट आले. गेल्या वर्षी राहिलेले तेरा, आणि माघारी गेलेल्यांपैकी तीन. त्यांत गौरवचा आहे. तो आज स्कूटर बंद करून आत आला.

"ताई, आमच्या आवशीनं सांगितलाय. आमचापण ऐकणारा कर. भागोजीकाकांच्यासारखा."

"तसा सांगून नाही होत रे," दर्शना म्हणाली. "पाट ठेव. बसेल तसा बसेल."

"म्हणजे कसा?"

"मला तरी कुठं ठाऊक आहे?"

असे ती हसत म्हणाली. गेल्या वर्षी हेच वाक्य तिने रडत म्हटले असते. शाळेच्या दाराला पाटी लागलेली नाही. फोन आतल्या खोलीत आहे. तिला तो लागतो, पण माती मळून झाल्यावर.

आता तिने मला जमिनीवर ठेवले आहे. दादू खुर्चीत आहेत. त्यांच्या डाव्या मुठीत ती जुनी पाचर आहे.

"लावतेस?"

दर्शनाने तळहात माझ्यावर ठेवला. पूर्ण. सांध्यावरून फिरवला, बसलेल्या कोपऱ्यापाशी थांबवला. "आधी बघते," ती म्हणाली.

मित्रांनो, आता लवकर सांगतो. तुमच्या घरी असा एखादा पाट असेल तर त्याला माळ्यावर टाकण्याआधी सावलीत चांगला वाळवा. त्याच्यावर तेलाच्या रंगाने नाव लिहू नका. खडू पुरतो, आणि पुसता येतो. त्याचा एखादा कोपरा बसला असेल तर रंधा मारायची घाई करू नका. आणि तुम्ही कधी माती, चित्र, गाणे, काहीही करायला बसाल, आणि काय करावे ते कळणार नाही, तेव्हा दुसरीकडे बघत बसू नका. जे हाताखाली आहे त्याच्यावर दोन्ही हात ठेवा. ते कुणीकडे तरी कललेले असते. मी लाकूड आहे, मला यापलीकडचे कळत नाही. पण एवढे मी खालून अनुभवले आहे.

आणि गणपतीला आमच्या वाडीत आलात तर त्याचा चेहरा बघा आणि मला सांगा. कोपऱ्याशी बसा, हळू बोला, मला ऐकू येते. या वर्षी तो कसा असेल मला माहीत नाही. वाकलेला, ताठ, हसणारा, कुणाला माहीत? तिलाही माहीत नाही. ती बाह्या वर करते आहे. तिने माती उचलली. आता मला बोलता येणार

थंड आहे.